कृपेचे कारभारी : प्रस्तावना

आपल्या मंडळ्यांमध्ये ख्रिस्ती जीवनाविषयी दोन तऱ्हांनी बोलले जाते. एका रविवारी पाळक पवित्र जीवनावर संदेश देतात. खोटे बोलू नका, दारूला शिवू नका, रोज वचन वाचा, प्रार्थनेत टिकून राहा, असे सांगतात. दुसऱ्या एखाद्या रविवारी कृपादानांचा विषय निघतो. मग कोणाला शिकवण्याचे दान आहे, कोणाला गाण्याचे, कोणाला आजाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याचे, याची चर्चा होते. ऐकणाऱ्याच्या मनात हळूहळू दोन कप्पे पडतात. सुभक्ती हा देवाचा आणि माझा खासगी मामला वाटू लागतो, आणि दाने ही उपासनेत पुढे उभ्या राहणाऱ्या चार-पाच जणांची गोष्ट वाटू लागते. हे पुस्तक ते दोन कप्पे एक करण्यासाठी लिहिले आहे. मला सांगायचे आहे ते इतकेच : देवाने दिलेले दान शेजाऱ्यासाठी खर्च करता करताच माणूस सुभक्तीत वाढतो, आणि सुभक्तीत न रुजलेले दान मंडळीला उभारण्याऐवजी मोडून टाकते.

हे लिहिताना माझ्या नजरेपुढे इस्लापूर आणि त्याच्या आसपासची गावे आहेत. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातला हा भाग महाराष्ट्राच्या अगदी कडेला आहे. एका बाजूला पैनगंगा आणि तिच्यावरचा सहस्रकुंडचा धबधबा, पलीकडे यवतमाळ जिल्हा, दुसऱ्या बाजूला तेलंगणा. निजामाच्या हैदराबाद संस्थानात हा मुलूख होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत इस्लापूर सर्कल आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्यात मोडत असे. त्या वर्षी किनवट तालुक्याबरोबर ते मराठी मुलखाला जोडले गेले. म्हणून इथे बाजाराच्या दिवशी मराठीबरोबर तेलुगू, बंजारा बोली, गोंडी आणि दखनी उर्दू सहज कानावर पडते. अशा ठिकाणी मोठे चर्च नसते, पगारी सेवक नसतो, पाळक आला तर महिन्यातून एखाद्या वेळी येतो. कोणाच्या तरी ओसरीवर किंवा पत्र्याच्या खोलीत काही कुटुंबे जमतात, एक भजन म्हणतात, वचन वाचतात, प्रार्थना करतात. शहरातल्या मंडळीत एखाद्याने आपले दान वापरले नाही तर दुसरा कोणीतरी ती जागा भरून काढतो. इथे ते शक्य नसते. इथे प्रत्येकाचे दान ही मंडळीची सगळी पुंजी असते. म्हणून हा विषय छोट्या मंडळीसाठी अधिक निकडीचा आहे.

सुभक्ती म्हणजे काय, हे आधी नीट पाहू. पौल तीमथ्याला लिहितो तेव्हा तो सुभक्तीची तुलना शरीराच्या कसरतीशी करतो (1 तीमथ्य 4). कसरत एका दिवसाची नसते. ती रोज करावी लागते, थोडी थोडी वाढवावी लागते, आणि कंटाळा आला तरी सोडायची नसते. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात एक पायऱ्यांचा क्रम आहे. विश्वासात सात्त्विकतेची भर घालायची, मग ज्ञान, इंद्रियदमन, धीर, सुभक्ती, बंधुप्रेम आणि शेवटी प्रीती. हा क्रम लक्षपूर्वक वाचला की एक गोष्ट कळते. सुभक्ती ही शेवटची पायरी नाही. तिच्यापुढे बंधुप्रेम आहे, आणि बंधुप्रेमापुढे प्रीती. म्हणजे दार लावून, गुडघे टेकून जे सुरू होते ते दार उघडून शेजाऱ्याच्या घरी गेल्याशिवाय पुरे होत नाही. जो माणूस पहाटे दोन तास प्रार्थना करतो आणि भावाशी बांधावरून बोलणे टाकतो, त्याची वाढ मधल्याच पायरीवर थांबली आहे.

आता दानांकडे वळू. नव्या करारात कृपादानांच्या याद्या प्रामुख्याने रोमकरांस पत्राच्या बाराव्या, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या आणि इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात आहेत. पेत्रही आपल्या पहिल्या पत्रात याविषयी थोडक्यात बोलतो आणि विश्वासणाऱ्यांना देवाच्या नाना प्रकारच्या कृपेचे कारभारी म्हणतो. कारभाऱ्याच्या हातात असते ते धन्याचे असते. ते त्याने जपायचे, वाटायचे आणि हिशेब द्यायचा. या याद्यांत संदेश देणे, शिकवणे, बरे करणे, भाषा बोलणे ही ठळक दिसणारी दाने आहेत. पण त्यांच्याच जोडीने मदत करणे, कारभार पाहणे, उदारपणे देणे, आनंदाने दया करणे, धीर देणे हीही आहेत. पौल त्यांना खालच्या ओळीत बसवत नाही. शरीराचे जे अवयव दुर्बळ दिसतात तेच अधिक गरजेचे असतात, असे तो करिंथकरांना समजावतो.

जुन्या करारात हाताच्या कौशल्यालाही हाच मान आहे. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात देव मोशेला सांगतो की निवासमंडपाच्या कामासाठी मी बसालेलाला देवाच्या आत्म्याने भरले आहे. तो सोन्या-रुप्याचे, लाकडाचे आणि दगडाचे काम करणारा कारागीर होता. त्याच पुस्तकात पुढे सूत कातणाऱ्या बायकांचाही उल्लेख आहे. प्रेषितांच्या कृत्यांत यापो गावची टबीथा भेटते. ती मेली तेव्हा गावातल्या विधवा तिने शिवलेले कपडे पेत्राला दाखवत रडत उभ्या होत्या. तिने उपदेश केल्याचे कुठे लिहिलेले नाही, तरी लूक तिला शिष्या म्हणतो. इस्लापूरच्या मंडळीत एखादी बहीण शिवणयंत्रावर बसत असेल, एखादा भाऊ बोअरवेलची मोटार दुरुस्त करत असेल, कोणी शाळेत खिचडी शिजवत असेल, कोणी आशाताई म्हणून घरोघरी फिरत असेल. पवित्र शास्त्राच्या दृष्टीने हे सगळे आत्म्याच्या कामाच्या बाहेरचे नाही.

ही शिकवण परदेशातून आलेली, आपल्या मातीत न रुजणारी असे कोणाला वाटू नये. मराठी ख्रिस्ती इतिहासात तिचे जिवंत दाखले आहेत. सगळ्यांत आधी पंडिता रमाबाईंचे नाव घ्यावे लागते. 1858 साली जन्मलेल्या रमाबाईंना संस्कृत त्यांच्या आईने शिकवले, आणि आईला वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, लोकांचा विरोध सोसून शिकवले होते. दुष्काळात आईवडील गेल्यावर रमाबाई भावाबरोबर देशभर पायी फिरल्या. कलकत्त्यात त्यांच्या विद्वत्तेला पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यांच्या स्वतःच्या साक्षीप्रमाणे ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त अजून मिळायचा होता. तो अनुभव त्यांना पुढे काही वर्षांनी आला. हे आपल्याला दिलासा देणारे आहे. बाप्तिस्मा ही वाढीची सुरुवात असते. रमाबाईंसारख्या बाईलाही वाढायला वर्षे लागली.

त्यांच्या दानाचे काय झाले तेही पाहा. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तिथे शेती, विणकाम, शिक्षण, छापखाना असे सगळे चाले, आणि अंध मुलींनाही वाचायला शिकवले जाई. लहानपणी पुराणे पाठ करणारी ती बुद्धी नंतर हिब्रू आणि ग्रीक शिकली, आणि मूळ भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात रमाबाईंनी आपली शेवटची वर्षे घातली. थोडेसे शिकलेल्या बाईलाही वाचून समजेल असे सोपे मराठी त्यांना हवे होते. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले, आणि तिथल्या बायकांनीच खिळे जुळवले. एका बाईच्या विद्वत्तेचे दान आणि दुष्काळातून आलेल्या बायकांच्या हातांचे दान असे एकाच पुस्तकात एकत्र आले.

नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक हे दुसरे उदाहरण. टिळक कवी होते ते ख्रिस्ती होण्याच्या आधीपासून. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांनी आपली मराठी वाणी बाहेर ठेवली नाही. भजन, अभंग, कीर्तन हे सगळे घेऊन ते ख्रिस्ताकडे आले, आणि आज मराठी मंडळ्या त्यांची भजने गातात. देवाने दिलेले दान वापरायला आपली भाषा आणि आपला सूर टाकावा लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. लक्ष्मीबाईंची वाट वेगळी होती. पतीच्या धर्मांतराने त्या कोसळल्या, काही वर्षे वेगळ्या राहिल्या, पुन्हा एकत्र आल्यावरही सोवळे पाळत राहिल्या. जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले आणि त्यांनी ते सोवळे सोडले. बाप्तिस्मा त्यानंतर झाला. फारसे शालेय शिक्षण नसलेल्या या बाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली आणि मराठी साहित्यात अढळ स्थान मिळवले. टिळकांच्या निधनाने अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पुरे केले. एकाच्या दानातले राहिलेले काम दुसऱ्याच्या दानाने पुरे होते. मंडळी अशीच उभी राहते.

मराठवाड्याकडे यायचे तर जालन्याचे नारायण शेषाद्री आठवतात. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले हे गृहस्थ पुढे जालन्याला आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाचे गाव वसवले. गावकुसाबाहेर राहाव्या लागणाऱ्या माणसांना तिथे स्वतःचे घर, शाळा आणि उपासनेची जागा मिळाली. ब्राह्मण घरात जन्मलेल्या माणसाने आपले शिक्षण, आपल्या ओळखी आणि आपला शब्द अशा लोकांसाठी खर्च करावा, ज्यांच्या हातचे पाणीही त्या काळी त्याच्या घरी चालत नव्हते. दान आणि सुभक्ती एकत्र आली की काय होते, त्याचा हा आपल्या मुलखातला दाखला आहे. त्याचबरोबर हेही कबूल केले पाहिजे की मंडळ्यांमधून जात अजून पुरती गेलेली नाही. लग्नाच्या बोलण्यात, बसण्याच्या जागेत, कोण प्रार्थना पुढे चालवणार या प्रश्नात ती डोके वर काढते. जिथे ती डोके वर काढते तिथे आत्म्याने दिलेले दान दाबले जाते. या पुस्तकात याविषयी स्पष्ट बोलले आहे.

चौथा दाखला जामखेडचा, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. बीड जिल्ह्याला लागून असलेल्या या तालुक्याच्या गावी 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. शहरात दवाखाना थाटण्याऐवजी ते दुष्काळी भागात आले. शिकलेल्या नर्स खेड्यात टिकेनात, म्हणून त्यांनी गावांनाच आपल्यातली एक बाई निवडायला सांगितले. निवडल्या गेल्या त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी दलित होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकत. गरोदर बाईची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी, क्षयाची आणि कुष्ठरोगाची लक्षणे ओळखणे, हे सगळे त्या शिकल्या आणि आपापल्या गावात करू लागल्या. पुढे जगभरचे डॉक्टर त्यांच्याकडून शिकायला जामखेडला येऊ लागले. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडच्या त्या बायका बहुतेक ख्रिस्ती नव्हत्या, आणि त्यांना त्यासाठी ख्रिस्ती व्हावे लागले नाही. हे लक्षात ठेवले पाहिजे. ख्रिस्ती माणूस सेवा करतो तेव्हा ती सौदा म्हणून करत नाही. पाऊस आणि ऊन देव सगळ्यांना सारखे देतो, तसे द्यायचे असते. दुसरी गोष्ट अशी की आरोळ्यांचे सगळ्यांत मोठे दान शस्त्रक्रियेचे नव्हते. कोणाच्याही खिजगणतीत नसलेल्या बाईमध्ये दडलेली ताकद ओळखणे आणि तिला पुढे करणे, हे ते दान होते. प्रेषितांच्या कृत्यांतल्या बर्णबाकडे हेच दान होते. शौलाला सगळे घाबरत होते तेव्हा बर्णबाने त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेले. इस्लापूरच्या मंडळीला उत्तम वक्त्यापेक्षा अशा एका बर्णबाची गरज अधिक आहे.

याची दुसरी बाजूही आहे. करिंथची मंडळी दानांनी भरलेली होती, आणि तीच सगळ्यांत जास्त भांडणारी होती. कोणी भाषा बोलण्याच्या दानावर फुगला, कोणी ज्ञानावर. प्रभुभोजनाच्या वेळी श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. म्हणूनच पौलाने दानांच्या दोन अध्यायांच्या मधोमध प्रीतीचा अध्याय लिहिला. आज हे आपल्याकडे वेगळ्या रूपात दिसते. माईक कोणाच्या हातात राहणार यावरून मंडळ्या फुटतात. एखाद्याच्या प्रार्थनेने आजारी बरा झाला की त्याचे फोटो असलेले फलक लागतात. आजाऱ्याला औषध बंद करायला सांगितले जाते, आणि बरे वाटले नाही तर त्याच्याच विश्वासाला दोष दिला जातो. दानाच्या बदल्यात पैसे मागितले जातात. या सगळ्यात दान खोटे असते असे नाही. ते वापरणाऱ्या माणसात सुभक्ती वाढलेली नसते. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातले आत्म्याचे फळ म्हणजे प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन. दानाने माणसाचे नाव होते. फळाने तो माणूस घरच्यांना आणि शेजाऱ्यांना कळतो. दोन्ही एकाच आत्म्याचे काम आहे, पण पारख फळाने करायची असे येशूनेच सांगितले आहे.

याच्या उलट धोका आहे तो दान लपवण्याचा. धन्याने परदेशी जाताना दासांकडे पैसे सोपवले, त्या मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या दाखल्यात ज्याने जमिनीत पैसे पुरले त्याने चोरी केली नव्हती. तो घाबरला होता. आपल्याकडेही बहुतेक दाने याच भीतीने पुरली जातात. मला वाचता येत नाही, मी कालच विश्वासात आलो, मी बाईमाणूस, माझी मराठी शुद्ध नाही, माझ्या घरची परिस्थिती बेताची. बियाणे कणगीत राहिले तर ते सुरक्षित दिसते, पण दोन-तीन हंगाम उलटले की ते उगवत नाही. दान तसेच असते. वापरले नाही तर जाते, वापरले तर वाढते. म्हणूनच पौल तीमथ्याला दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण देतो आणि त्याच्यातल्या दानाचा विस्तव पुन्हा फुलवायला सांगतो. तीमथ्याच्या दानाची मुळे त्याच्या घरातल्या दोन बायकांच्या सुभक्तीत होती.

तर आपले दान ओळखायचे कसे? या पुस्तकात एक प्रकरण त्याच प्रश्नाला दिले आहे. त्याचा गाभा असा. प्रश्नावली भरून दान सापडत नाही. आधी काम हातात घ्यावे लागते. मंडळीला कशाची गरज आहे ते पाहावे, आपल्याला त्यातले काय करता येईल ते पाहावे, आणि काही काळ ते मनापासून करावे. ज्या कामाने दुसऱ्याला खरोखर आधार मिळतो, जे करताना थकलो तरी मन कोरडे पडत नाही, आणि ज्याविषयी विश्वासू भाऊबहिणी सांगतात की तू हे चालू ठेव, तिथे दान असते. इस्लापूरच्या बाजूला असे काम भरपूर आहे. ज्याला मराठी आणि तेलुगू दोन्ही येते, तो सीमेपलीकडून आलेल्या मजूर कुटुंबाला सरकारी दवाखान्यात घेऊन जाऊ शकतो. ज्याला हिशेब येतो, तो मंडळीचा पैसा चोख ठेवून सगळ्यांपुढे वाचून दाखवू शकतो. कारभार पाहण्याचे दान ते हेच. ज्या मुलीला मोबाईल चांगला चालवता येतो, ती म्हाताऱ्यांना बायबलचे ध्वनिमुद्रण ऐकवू शकते, पेन्शनचा अर्ज भरून देऊ शकते. ज्याच्या गळ्यात सूर आहे, त्याने पोरांना भजन शिकवावे. ज्याला बोलता येत नाही पण ऐकून घेता येते, त्याने कर्जाने खचलेल्या शेतकऱ्याजवळ जाऊन बसावे. कापूस-सोयाबीनच्या या पट्ट्यात त्या ऐकण्याने एखाद्याचा जीव वाचू शकतो.

या कामात सुभक्ती कशी वाढते, ते करणाऱ्यालाच कळते. आजाऱ्याचे अंथरूण बदलताना धीर म्हणजे काय ते कळते. मंडळीचा पैसा हातात असताना इंद्रियदमन शिकावे लागते. कोणी आभार न मानता तोंड फिरवले की प्रार्थनेला पुन्हा बसावे लागते, आणि ती प्रार्थना पहिल्यापेक्षा खरी असते. वचन, प्रार्थना, उपवास आणि प्रभुभोजन ही साधने आहेतच, त्यांना पर्याय नाही. सेवेत रिकामे झालेले मन पुन्हा भरण्यासाठी त्यांची ओढ लागते, आणि मग ती नुसती नेमाची गोष्ट राहत नाही. येशू स्वतः गर्दीतून डोंगरावर जाई आणि डोंगरावरून पुन्हा गर्दीत येई. आपली वाढही याच ये-जेत आहे.

हे पुस्तक एकट्याने वाचू नये अशी माझी विनंती आहे. आठवड्याच्या घरच्या सभेत एकेक प्रकरण मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मध्ये बसवा, आणि त्यांचे म्हणणे आधी ऐका. प्रकरणाच्या शेवटी सगळ्यांनी मिळून एका प्रश्नाचे उत्तर शोधा : आपल्यातल्या कोणामध्ये देव काय करत आहे असे तुम्हाला दिसते? दुसऱ्याचे दान नाव घेऊन सांगा, स्वतःचे नको. मग त्या माणसाला एक काम द्या, मदतीला एक जोडीदार द्या, आणि तो चुकला तर त्याला सांभाळून घ्या. पाळकांनी आणि वडिलांनी आपल्या हातातली निदान एक जबाबदारी या काळात दुसऱ्या कोणाला तरी द्यावी, कारण इफिसकरांस पत्राप्रमाणे शिकवणाऱ्यांचे काम पवित्र जनांना सेवेसाठी सिद्ध करणे हेच आहे. पुस्तक संपेल तेव्हा तुमच्या मंडळीत असा एकही माणूस राहू नये ज्याच्याकडे देवाने सोपवलेले काम नाही, आणि असा एकही शेजारी राहू नये ज्याला त्या कामाचा उपयोग झाला नाही. त्यासाठी देव तुम्हाला बळ, शहाणपण आणि एकमेकांविषयी प्रीती देवो.